कुर्दास असून गोड बोलली

शुक्रवारी संध्याकाळी कामशात प्रवासासाठी अंडी उकडत होती, तेवढ्यात बेकझात आगांचा फोन आला. बेकझात आगा म्हणजे तिच्या मैत्रिणीचे, दामेलीचे, काका. उगाच फोन करणारा माणूस नव्हे. लग्न, बारसं किंवा मयत, याखेरीज त्यांनी कुणाला फोन केल्याचं गावात कुणाला आठवत नसेल. आणि लग्न तर कुणाचं ठरलेलं नव्हतं.

"कामशात बाळ, बसली आहेस का?"

"बसते, आगा."

"झान्दोस गेला."

झान्दोस हा दामेलीचा धाकटा भाऊ. पश्चिमेला, पार अतिराऊकडे तेलविहिरींवर कामाला होता. दुपारी पाळी संपवून खोलीवर आला, बूट काढायला खाली वाकला आणि तसाच कलंडला. आई गेली तेव्हा हा पोर धड बोलतही नव्हता. दामेलीने त्याला भरवलं, शिकवलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्न केलं नाही. त्याने मात्र लग्न केलं, ते मोडलं, मूलबाळ झालं नाही. दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं.

"देह रविवारी संध्याकाळी इथे पोचेल," आगा म्हणाले. "त्याआधी दुपारी कुसाइन अता, घराण्यातले सगळ्यात थोरले, तिला रीतीने सांगतील. तोवर तिच्या कानावर जाता कामा नये. उद्या तुम्ही दोघी अल्माटीला जाणार आहात ना? जा."

"आगा, मी तिला चित्रं दाखवत हिंडवू? गाणी ऐकवू? आणि तो पोरगा तिकडे..."

"इथे राहिली तर उद्या सकाळी दूधवाली तिला दारातच सांगेल. ते बरं दिसेल का? आणि जाणं रद्द केलंस तर तिला संशय येईल. मास्तरीण आहे ती. फोन तेवढा तिच्या हाती राहू देऊ नकोस."

आमच्याकडे कझाकांत मरणाची बातमी कुणाच्या अंगावर धोंड्यासारखी टाकत नाहीत. घराण्यातला सगळ्यात वयस्क, बोलण्यात मुरलेला माणूस ते काम अंगावर घेतो. आधी चार जवळची माणसं शेजारी बसवतो. मग ससाण्यापासून सुरुवात करतो, डोंगरावरून, नदीवरून फिरत फिरत शेवटी नावापाशी येतो. तोवर ऐकणाराला कुणीतरी दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं. याला एस्तिर्तू म्हणतात. शहरात शिकून आलेली पोरं याला वेळकाढूपणा म्हणतात. म्हणोत बापडी. त्यांच्यावर अजून पाळी आलेली नाही.

कामशातवर आली होती. तिचा नवरा ओराझ रेल्वेच्या यार्डात कामावर असतानाच गेला, तेव्हा ती आपल्या शिवणाच्या दुकानात एकटीच होती. फोरमनने फोन करून सांगितलं, "तुमचे यजमान वारले, कागदपत्रं घेऊन या." हातात कात्री, समोर कुणाच्या तरी झग्याचं अर्धं बेतलेलं कापड, आणि धरायला कुणी नाही. फोरमन वाईट माणूस नव्हता. नंतर त्याने धावपळही पुष्कळ केली. पण तो दिसला की कामशात आजही रस्ता ओलांडून पलीकडे जाते.

म्हणून ती आगांना "बरं" म्हणाली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे उठून तिने अंडी कागदात गुंडाळली आणि बसच्या थांब्यावर गेली.

दामेली आधीच येऊन उभी होती. निळा कोट, नवी टोपी, ओठांना रंगसुद्धा लावलेला. या अल्माटीच्या वारीचं वर्षभर चाललं होतं. कधी कामशातचं गुडघेदुखीचं निमित्त, कधी दामेलीच्या शिकवण्या. संग्रहालयात सगळी चित्रं निवांत बघायची, संध्याकाळी मैफल ऐकायची, रविवारी चित्रकारांच्या रस्त्यावर हिंडायचं, असा बेत ठरून ठरून मऊ पडला होता.

"खिडकीशी तू बस," दामेली म्हणाली. "वाटेत मेलीस तर निदान बाहेर बघत मर."

दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या, म्हणजे कुर्दास. कुर्दासाला काहीही बोलायची मुभा असते. मुभा कसली, कर्तव्यच. सख्ख्या भावाला बोलता येत नाही, नवऱ्याला बोलता येत नाही, सगळं तुंबलेलं कुर्दासावर रितं करायचं आणि त्याने दामदुप्पट परत करायचं. या दोघींचं गेली कित्येक वर्षं एकाच विषयावर चालायचं, आधी कोण मरणार. तुझ्या मयताला मी नवा रुमाल बांधून येईन. तुझ्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी घोड्याचं मांस पोटभर खाईन आणि वर बांधून नेईन. ऐकणाऱ्या परक्या माणसाला वाटावं, या आता एकमेकींच्या झिंज्या उपटणार.

एरवी कामशात म्हणाली असती, "मी मेले तर तुझं बूड एका सीटवर मावेल तरी का, दोन्ही लागतील तुला." पण 'मेले' हा शब्द घशातून वरच येईना. ती नुसती म्हणाली, "नको, तूच बस खिडकीशी. तुला बाहेर बघायला आवडतं."

दामेलीने तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीशी बसली.

बस निघाली. कामशातला वाटलं, आता फोनचं उरकून घ्यावं. ती म्हणाली, "माझ्या फोनला फोटो धड येत नाहीत. तुझा माझ्याकडे दे, मीच काढते तुझे फोटो."

"घे," दामेली म्हणाली आणि पर्समधून फोन काढून तिच्या हातावर ठेवला. "ठेव तुझ्याकडेच. शिकवणीच्या पोरांच्या आया दोन दिवस मेल्या तरी मला पर्वा नाही."

इतक्या सहज झालं की कामशातला हायसं वाटलं. बाकीचा विचार करायला डोकं शिल्लक नव्हतं. वाटेत कापशागाईच्या थांब्यावर ती स्वच्छतागृहात गेली आणि फोन उघडून पाहिला. कुठल्याशा लांबच्या भाचीने पहाटेच लिहून ठेवलं होतं, आपा, आम्ही सगळे तुमच्या दुःखात सहभागी आहोत. सोबत काळी फीत. कामशातने फोन बंदच करून टाकला आणि बेसिनला धरून उभी राहिली. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, "आजी, आत झोपलात की काय?" तिने तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आली.

संग्रहालयात शनिवारची गर्दी नव्हती. दामेली एकेका चित्रापुढे असं उभी राहायची, की जणू ते चित्र तिला काही सांगणार आहे आणि मध्येच निघालं तर वाईट दिसेल. कामशातचे पाय बसमध्येच सुजले होते. बुटांत ते भरून आले होते, फुगलेल्या पावाच्या पिठासारखे. प्रत्येक दालनात एक बाक होता आणि प्रत्येक बाकावर ती बसली. तिला वाटत होतं की कुणीतरी येऊन आपल्याला इथे लावून ठेवावं, खाली नाव लिहावं, म्हणजे पुढे चालायला नको.

एका चित्रात एक कुटुंब तळ हलवत होतं. तंबू उतरवलेला, कांबळी गुंडाळलेली, उंटाच्या पाठीवरच्या टोपलीत एक बारका पोर बसवलेला आणि तो मागे वळून बघतोय. दामेली तिथे खूप वेळ उभी राहिली.

"कान बघ त्याचे," ती म्हणाली. "झान्दोसचे असेच होते. टोपी कानांवरच अडकायची, खाली यायचीच नाही."

कामशातला वाटलं आता इथेच आपण फुटणार. 'होते' म्हणाली का ही? पण लहानपणचं बोलताना सगळेच 'होते' म्हणतात. लहानपणचे कान होते ते.

"हो," ती म्हणाली. "छान कान आहेत."

"छान?" दामेली वळली. "अगं, त्या पोराला तू जन्मभर ताटल्या म्हणालीस. दोन ताटल्या आल्या, वाढा म्हणायचीस."

"म्हणत असेन."

"म्हणत असेन! तुझी जीभ काय दातांबरोबर काढून ठेवलीस रात्री पेल्यात?"

यावर किती उत्तरं होती! कामशातला एकही सुचलं नाही. ती केविलवाणं हसली आणि म्हणाली, "दमले गं मी. म्हातारी झाले." दामेली पुढच्या चित्राकडे गेली आणि त्यापुढे आणखीनच जास्त वेळ उभी राहिली.

दुपारी जेवायला उतारावरच्या एका उइगुर खाणावळीत शिरल्या. लग्मान, म्हणजे मांस आणि रश्शातल्या लांब शेवया, मागवला. दोन वाडगे आले, त्यातल्या एकात मांस जास्त दिसत होतं. कामशातने तो दामेलीपुढे सरकवला. पाव पण तिच्याकडे सरकवला. चहाही आधी तिला ओतला. दामेली हे सगळं बघत होती.

दर शनिवारी दुपारी दामेली झान्दोसला फोन करायची. वाटेल ते होवो, पाऊस असो, हिमवादळ असो. कामशात सकाळपासून या वेळेच्या धास्तीत होती. पाळी बदलली असेल, तिथे फोन लागत नसतो, तेलविहिरींवर मनाई आहे, असं काय काय तिने रचून ठेवलं होतं. पण दामेलीने लग्मान संपवला, वाडगा तोंडाला लावून रस्साही प्यायली, आणि फोनचं नावसुद्धा काढलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं कामशात मनात म्हणाली. शिणलेल्या माणसाला सुटका दिसली की तो तिच्याकडे निरखून बघत नाही. तिनेही पाहिलं नाही.

मैफल संध्याकाळी होती. मखमली खुर्चीत बसल्यावर कामशातला वाटलं, आता निदान अंधार आहे, तोंड लपवायला नको. आधी दोम्ब्रा वाजवणाऱ्या मुलींचा ताफा येऊन गेला, घोड्यांच्या टापांसारखं काहीतरी वाजवून. मग एक मोठ्या आवाजाच्या बाईने गाणी म्हटली. दामेलीने टाळ्या वाजवल्या. सगळं बरं चाललं होतं. मग निवेदक आला आणि म्हणाला, "आता कोबीझवर एक जुनी रचना. आपल्याला ठाऊकच आहे, जी बातमी तोंडाने सांगायची कुणाची छाती होत नसे, ती पूर्वी वाद्याकडून सांगवत असत."

 कामशातने दामेलीचा दंड धरला.

"चल, उठ. पाय फार सुजलेत माझे."

"पाय काय ऐकणार आहेत?" दामेली म्हणाली. "कान आणलेत ना बरोबर? बस."

"दामेली, खरंच सांगते..."

"बस म्हटलं ना."

रंगमंचावर एक किडकिडीत माणूस येऊन बसला. गुडघ्यांत कोबीझ धरून त्याने घोड्याच्या केसांच्या तारांवर गज ओढला, आणि तो आवाज निघाला. तो आवाज कसा असतो हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ओराझ गेल्यावर फोन ठेवून कामशातच्या घशातून जे निघालं होतं, ते साधारण असंच होतं. ती डोळे मिटून बसली. तिच्या मनगटावर दामेलीचा हात होता. तो हात घट्ट नव्हता, थंडही नव्हता, नुसता होता. वाजवणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दामेलीने वाजवल्या नाहीत.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "चांगलं वाजवतो. पण घाई करतो. शेवटाला एवढ्या लवकर यायची काही गरज नव्हती."

रात्री कामशातच्या भाचीच्या रिकाम्या घरी दोघी झोपल्या. म्हणजे आडव्या झाल्या. एकीला वाटत होतं दुसरी झोपली आहे.

रविवारी सकाळी चित्रकारांच्या रस्त्यावर ऊन पडलं होतं. वर डोंगरांवर ताजा बर्फ दिसत होता. चित्रकारांनी झाडांना टेकवून चित्रं मांडली होती. त्यात डोंगर, घोडे, सफरचंदं, पुन्हा डोंगर. दामेली त्या सगळ्यांशी बोलत होती. एकाला म्हणाली, "तुझ्या घोड्याचा मागचा पाय मोडलाय." दुसऱ्याच्या सफरचंदांचं कौतुक केलं. कामशात बॅगा घेऊन मागे मागे चालत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती झाडाआड गेली.

"अकराच्या बसने निघा," आगा म्हणाले. "माझ्याकडे नका येऊ, अंगणात तंबू उभारलाय, लांबूनच दिसेल. कुसाइन अतांच्या घरी आण. बायका तिथे जमतायत. कळलं का तिला काही?"

"नाही."

"शाबास. तू चांगलं निभावलंस बाळ."

शाबासकी ऐकून कामशातने फोन पर्समध्ये टाकला. ती परत आली, तर दामेली एका म्हाताऱ्या रशियन बाजावाल्यासमोर बाकावर बसली होती. तो अकॉर्डियनवर वॉल्ट्झ वाजवत होता, जुनी, दोघींच्या तरुणपणी नाचाच्या वर्गात वाजायची तसली.

"चल, बस चुकेल."

"हे एवढं संपू दे."

ते संपलं. दामेली म्हणाली, "आजोबा, अजून एक." तेही संपलं. "अजून एक."

"दामेली, अकराची बस आहे."

"दुपारची पकडू."

"दुपारची नको. अगं, उशीर होईल."

"कशाला उशीर होईल? घरी काय माझी लेकरं रडतायत? आजोबा, ते संथ होतं ना, तळ्याकाठचं, ते वाजवा."

रात्रीची झोप नाही, आदल्या रात्रीचीही नाही, हातात दोन बॅगा, बुटात मावेनात असे पाय, आणि छातीत ते शुक्रवारपासूनचं ओझं. कामशातचं डोकं फिरलं. ती भर रस्त्यात ओरडली, "तुला काय इथेच गाडून घ्यायचंय का, भवाने? सांग तसं! खड्डा खणून देते आणि जाते मी एकटी! बाजावाला आहेच, चाळिसावा पण इथेच घाल म्हणावं!"

बाजावाल्याने वाजवणं थांबवलं. त्याला कझाक येत नसावं, पण सूर कुणालाही कळतो.

कामशातने तोंडावर हात ठेवला. बोलून गेलेला शब्द परत घेता येत नाही, आणि हा तर नेमका तोच शब्द होता. दामेलीने मात्र एक लांब श्वास सोडला. कुणीतरी घट्ट बांधलेला पट्टा सैल करावा तसा.

"आलीस बाई ताळ्यावर," ती म्हणाली. "कालपासून वाट बघतेय मी. काल बसमध्ये मी तुला मर म्हटलं आणि तू म्हणालीस, खिडकीशी बस, तुला आवडतं. तेव्हाच कळलं मला. तुझ्या तोंडून मरणाचा शब्द निघेना, म्हणजे कुणीतरी खरंच मेलंय."

"दामेली..."

"म्हटलं, हिचं कुणी असेल तर ही रडेल, सांगेल. रडतही नाही, सांगतही नाही, वर मला मांसाचा वाडगा देते. कुर्दास असून गोड बोलते! मग माझंच कुणीतरी. आणि माझं आहेच कोण मोजायला? एकच तर आहे."

कामशात तिच्या शेजारी बाकावर बसली.  तिला वाटलं, आता काय राहिलं? आता सांगून टाकावं, मोकळं व्हावं, दोघींनी इथेच गळ्यात पडून रडावं. तिने तोंड उघडलं.

दामेलीने आपला हात तिच्या तोंडावर ठेवला. हातमोजा लोकरी होता, त्याला लग्मानचा वास येत होता.

"तू नाही," ती म्हणाली. "तुझ्या तोंडून नको."

"अगं, पण तुला तर..."

"मला ठाऊक आहे हे वेगळं आणि तू सांगितलंस हे वेगळं. तू त्या फोरमनला बघून रस्ता ओलांडतेस, आठवतंय? इतकी वर्षं झाली. त्याने काय केलं होतं? नुसतं सांगितलं होतं. मला तुला बघून रस्ता ओलांडायचा नाही, कामशात. मला दुसरी कुर्दास कुठून मिळणार या वयात?"

कामशातला हे कधी सुचलंच नव्हतं. ती समजत होती की ऐकणाराला धरायला माणसं हवीत म्हणून ही सगळी रीत. आणि फोरमनला टाळणं हा आपल्याच मनाचा कोतेपणा.

"कुसाइन अता सांगणार आहेत ना?" दामेलीने विचारलं.

कामशातने मान हलवली.

"मग झालं तर. सांगू देत त्यांना. नव्वदीचा म्हातारा. त्यांचं तोंड मला अजून किती दिवस बघावं लागणार आहे!"

आणि देवा रे, दोघी हसल्या. मोठ्याने हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसू ओसरल्यावर ते पाणी तसंच राहिलं. बाजावाल्याने हळूच विचारलं, "वाजवू?" दामेली म्हणाली, "वाजवा."

"काल तू चित्रं बघत होतीस," कामशात म्हणाली. "जेवलीस. गाणं ऐकलंस. कसं जमलं तुला?"

"घरी जाऊन काय करायचं होतं? कुणी सांगत नाही तोवर मी झान्दोसची बहीण आहे. म्हटलं, आहे तोवर राहावं. एक चित्र झालं की दुसरं. फार सुंदर होती गं चित्रं. मी त्याला एकेक सांगत होते मनातल्या मनात." ती थांबली. "आता दमले मी. चल."

बसमध्ये दामेली खिडकीशी बसली आणि थोड्या वेळाने कामशातच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपी गेली. खरोखर झोपली, तोंड उघडं टाकून. कामशातचा हात बधिर झाला, तिने तो हलवला नाही. खिडकीबाहेर स्टेपचं पिवळं पडलेलं माळरान मागे जात होतं. कामशातला कशाचंच काही वाटत नव्हतं, फक्त ही बस कुठेही न पोचता अशीच चालत राहावी, एवढंच वाटत होतं.

कुसाइन अतांच्या फाटकाशी पोचल्यावर दामेली म्हणाली, "तू ओसरीवर थांब. ते सांगतील तेव्हा तुझं तोंड मला समोर दिसायला नको." तिने ओठांचा रंग रुमालाने पुसला, टोपी काढून डोक्याला साधा रुमाल बांधला आणि आत गेली.

कामशात बुटांच्या राशीशेजारी पायरीवर बसली. दार अर्धवट उघडं होतं.  अतांचा आवाज सुरू झाला, थरथरता आणि अजिबात घाई नसलेला. एक ससाणा होता म्हणाले. बर्फाळ कड्यावर त्याचं घरटं होतं. कामशातला वाटलं, दामेली आता म्हणेल, कळलं मला, पुरे. पण ती गप्प बसून ऐकत होती. शाळेत जन्मभर तिने पोरांना सांगितलं होतं, उत्तर ठाऊक असलं तरी पायऱ्या लिहायच्या. म्हातारा कड्यावरून नदीवर आला, नदीवरून वाऱ्यावर आला. मग नाव आलं.

मग तो हंबरडा. आतल्या सगळ्या बायकांचा मिळून एक आवाज झाला.

कामशात उठणार, तेवढ्यात बेकझात आगांची सून बाहेर आली. डोळे पुसतच होती, पण जीभ धारदार होती.

"तुम्हाला शुक्रवारपासून ठाऊक होतं म्हणे, कामशात आपा?"

"आगांनीच..."

"सासऱ्यांनी गप्प राहा म्हटलं असेल. नाटकसिनेमे दाखवा असं नव्हतं म्हटलं. भाऊ तिकडे पेटीत, आणि बहीण इकडे गाण्याच्या मैफलीत! लोक काय म्हणतील? उद्या दामेली आपांना तरी तुमचं तोंड बघवेल का?"

  कामशातच्या पर्समध्ये अजून दामेलीचा बंद फोन होता आणि मैफलीची दोन तिकिटं होती. तिला वाटलं, बॅग इथे पायरीवर ठेवावी आणि निघून जावं. दुकान उघडावं, कुणाचं तरी कापड बेतायला घ्यावं. आत जायला पाय उचलेना.

"कामशात!" आतून दामेलीचा आवाज आला. रडून फाटलेला, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "कामशात कुठाय?"

बायकांनी वाट करून दिली. खोलीच्या मध्यावर दामेली बसली होती, दोघींनी दोन्हीकडून धरलेली. ती त्यांच्या हातांतून सुटून उठली. रीत अशी की येणाऱ्या प्रत्येकाने घरच्याच्या गळ्यात पडून रडायचं. पण कामशात उंबऱ्याशीच थबकली. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या, ती सूनही मागे येऊन उभी होती.

दामेलीच पुढे आली. तिने कामशातचे दोन्ही खांदे धरले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सावकाश, एकेक शब्द वेगळा करत ती म्हणाली, "कामशात, तुला कुणी सांगितलं नसेल. दोन दिवस तू माझ्याबरोबर होतीस. माझा झान्दोस गेला गं."

कामशातने ते ऐकलं, आणि शुक्रवारपासून पहिल्यांदाच ती रडली.